चारशे सतरा नंबरचा कोट

३ मार्च, मंगळवार

सकाळी दुकान उघडायच्या आत बटणाचा फोन. एकोणीस तारखेला ये म्हणाली, चार दिवस राहा. शनिवारी दुपारी त्याची आई जेवायला भेटणार आहे, बाहेर, हॉटेलात.

वही नवी आहे, तिला काही माहीत नाही, म्हणून लिहिते. बटण म्हणजे आमची लेक. लहानपणी आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरखाली बसून तुटक्या बटणांच्या डब्यात हात घालून तासन्‌तास खेळायची, म्हणून हे तिला बटण म्हणायला लागले. आता बत्तीस वर्षांची आहे, मोठ्या शहरात मोठ्या ऑफिसात आहे. आणि 'तो' म्हणजे जो मुलगा गेली दोन वर्षं फोनवर मागून "नमस्कार काकू" म्हणतो तो. त्याची आई न्यायाधीश होती. आता निवृत्त झालीय म्हणे. पण न्यायाधीश काय, पोस्टमनसारखी पिशवी जमा करून निवृत्त होते थोडीच? समोरच्याला तोलायची सवय जाते कुठे?

ह्यांना म्हटलं, तुम्हीही चला. हे म्हणाले, "हॉटेलच्या चादरींचं नवं काम त्याच आठवड्यात सुरू होतंय, दोघं गेलो तर दुकानाला कुलूप. तू जा. तुला बोलता येतं." मला बोलता येतं ते काउंटरच्या अलीकडून. पलीकडे गेले की माझी बोबडी वळते, हे ह्यांनाही माहीत आहे.

देवा, माझ्यावरून तिचं काही बिघडायला नको. एवढंच मागणं आहे.

५ मार्च, गुरुवार

बटणाचा मेसेज, जसाच्या तसा: "एकच बॅग आण. दोन पँट, तीन वरचे, एक उबदार, चालायचे बूट. सकाळी थंडी असते, दुपारी ऊन. नवीन काही घेऊ नको. तुझेच कपडे आण."

दिवसभर तोच वाचत होते. 'तुझेच' का लिहिलं? 'साधे' लिहिता आलं असतं. 'चांगले' लिहिता आलं असतं. तिला वाटत असणार की मी काहीतरी भलतंच भडक घालून येईन.

८ मार्च, रविवार

दुकान बंद. कपाट रिकामं केलं. पलंगावर ढीग घातला आणि समोर स्टूल टाकून बसले, जशी मी गिऱ्हाइकाचं बोचकं सोडून बसते तशी. हे माझे कपडे नाहीत, कुणी धुवायला टाकलेत, असं समजून बघितले. एकेक हातात घेऊन स्वतःशीच म्हणत होते: या बाई दिवसभर उभ्या असतात, गुडघे काउंटरला घासून कापड चकाकतंय. या बाईंचा उजवा हात जड, काखेत शिवण ताणलीय. या बाई दहा वर्षांत कुठे गेलेल्या नाहीत.

तीस वर्षं मी लोकांचे कपडे झळझळीत करून हँगरला लावते, आणि माझं स्वतःचं कपाट म्हणजे दिव्याखाली अंधार.

त्यातून निवडले ते: काळी पँट (लोकरमिश्रित, चुरगळत नाही), करडी पँट (कंबरेला अजून बसते), पांढरा सुती शर्ट, निळा बारीक रेघांचा, विटकरी पातळ स्वेटर. जुळणाऱ्या रंगांच्या बाहेर जायचं नाही, म्हणजे कशावरही काहीही घालता येतं. दुकानात येणाऱ्या हुशार बायकांचं पाहून शिकलेय मी. ज्यांचं बोचकं लहान त्या नेहमी जास्त व्यवस्थित दिसतात.

अडलं ते 'एक उबदार' वर. माझं जाकीट हिरवं, कोपरं बसलेली, चेन अर्ध्यात अडकते. ते घालून न्यायाधीशबाईंसमोर गेले तर त्या मला बाहेर बाकड्यावर बसायला सांगतील, पुकारा होईपर्यंत.

१० मार्च, मंगळवार

आज मागच्या दांड्याची झाडणी केली. मागचा दांडा म्हणजे न नेलेल्या कपड्यांचा. लोक कपडे टाकून जातात आणि येतच नाहीत. कुणी गाव सोडतं, कुणाचं लग्न मोडतं, कुणी जाड होतं आणि लाजतं. आमचा नियम असा की तीन फोन करायचे, वर्षभर थांबायचं, मग गरजूंना देऊन टाकायचं.

चारशे सतरा नंबरचा कोट तिथेच आहे. लांब, बदामी, खरी लोकर, आतून रेशमी अस्तर. गुडघ्याच्या खाली चार बोटं. असा कपडा हाताला वर्षातून एकदा लागतो. मीच तो साफ केला होता, मागच्या एप्रिलमध्ये, कॉलरवर क्रीमची पिवळी कड होती ती काढायला दोन दिवस लागले होते. तिन्ही फोन झालेत, नंबर बंद. वर्ष भरायला पाच आठवडे आहेत.

नुसता अंगात घालून बघितला. आरशात एक बाई दिसली. तिची लेक मोठ्या शहरात असू शकते असं वाटत होतं.

११ मार्च, बुधवार

ह्यांच्याशी वाद.

"पाच आठवडे राहिलेत म्हणजे अजून दुसऱ्याचा आहे," हे म्हणाले.

"कोण येणार आहे? नंबर बंद आहे."

"ते तिचं तिला माहीत. आपण राखणदार."

मी म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे, आल्यावर परत साफ करून दांड्याला लावीन, आधीपेक्षा चांगला. ह्यांनी इस्त्री उभी केली आणि माझ्याकडे बघितलं. "नाकापेक्षा मोती जड होईल बघ," एवढंच म्हणाले.  ह्यांचं न बोलणं हे नेहमी बोलण्यापेक्षा जास्त वेळ चालतं.

पण ह्यांना काय माहीत? बटणाच्या पदवीच्या दिवशी मी एका डॉक्टरीणबाईंचं निळं जाकीट घालून गेले होते, त्यांना ते सोमवारी न्यायचं होतं आणि समारंभ शनिवारी होता. कुणाला कळलं नाही. दिवसभर मी एकदाही टेकले नाही, खुर्च्या मळक्या होत्या. सरबताचा ग्लास हातात घेतला नाही. फोटोच्या वेळी मागे सरकले, म्हटलं उगाच फोटो कुठे लागला आणि डॉक्टरीणबाईंनी पाहिला तर? बटण दोनदा बोलवायला आली, मी म्हटलं तुम्ही मैत्रिणी काढा. सोमवारी जाकीट जसंच्या तसं परत गेलं. आईपायी लेकीची मान खाली गेली नाही, हे मी आजही अभिमानाने सांगते.

कोट घ्यायचा ठरला.

१५ मार्च, रविवार

बॅगेची रंगीत तालीम. स्वेटर गुंडाळून, शर्ट टिश्यू कागदात घडी घालून, पँट तळाशी आडव्या, मोजे बुटांच्या पोटात. काळे चपटे बूट, दोन दिवस घरात घालून सैल केले. एक स्कार्फ, विटकरी-करडा, माझा स्वतःचा. कोट अंगावर घालून जायचा, बॅगेत नाही. हिरवं जाकीट ठेवून बघितलं, बॅगेची चेन बसेना. काढून ठेवलं. दोन-दोन उबदार कपडे कशाला हवेत?

कोट घालून जिना दोनदा चढले-उतरले. खुर्चीत बसायचा सराव केला: मागचं टोक उचलायचं, गुडघे जवळ, पाठ टेकवायची नाही.

"बॅग भरतेयस की कवायत करतेयस?" हे म्हणाले. चार दिवसांनी ह्यांनी तोंड उघडलं ते यासाठी.

१७ मार्च, मंगळवार

हवामान रोज तीनदा बघतेय. शनिवारी सकाळी सहा अंश, दुपारी सोळा, पावसाचा एक ढग. पावसात लोकर म्हणजे ओल्या कुत्र्याचा वास.

बटणाचा फोन आला, आवाज ओढलेला. इकडचं तिकडचं बोलली आणि मधेच म्हणाली, "आई, दुकानातल्या त्या औषधाच्या वासाने तुला कधी मळमळायचं का गं? पूर्वी?"

 म्हणजे माझ्या कपड्यांना वास येतो. तिला तो आठवतोय, आणि त्या बाईंना येईल याची धास्ती आहे, सरळ सांगवत नाही बिचारीला. मी म्हटलं, नाही गं, आता नवीन औषध आहे, वासच नाही. ती म्हणाली, "आत्ताचं नाही विचारत." मी म्हटलं, तू काळजी करू नको, मी बघते. फोन ठेवला आणि सगळी बॅग उपसून कपडे गॅलरीत वाऱ्यावर टाकले.

१९ मार्च, गुरुवार

पोचले. गाडीत सहा तास पाठ न टेकता. शेजारचा प्रवासी संत्रं सोलायला लागला तेव्हा मी उठून दाराशी जाऊन उभी राहिले.

बटण स्टेशनवर आली होती. मला बघून आधी हसली, मग कोटाकडे बघितलं आणि हसू जरा थांबलं. "छान दिसतेयस," म्हणाली. मला वाटलं होतं जास्त आनंद होईल.

पोरगी सुकलीय तोंडाने, पण अंगाने भरलीय. माझ्या नजरेतून कपडा सुटत नाही: स्कर्टचं वरचं बटण लावलेलंच नव्हतं, केसांचं रबर काजातून ओवून बटणाला अडकवलं होतं, आणि वरून ढगळ स्वेटर. बाहेरचं खाणं, दुसरं काय? रात्री ती झोपल्यावर तो स्कर्ट घेतला आणि हातशिलाईने कंबर दीड इंच सैल करून ठेवली. तेवढा कपडा आत होता. तिला वाईट वाटू नये म्हणून काही बोलले नाही.

घर लहान आहे पण उजेडाचं. खिडकीतून खाली झाडं दिसतात, अजून खराट्यासारखी, पण टोकांना हिरवे ठिपके आलेत.

२० मार्च, शुक्रवार

बटणाने सुट्टी घेतली. आम्ही खूप चाललो. इथल्या बायका कशा घालतात ते बघत होते: साधं, गडद, बूट मात्र चांगले. माझं काही चुकलेलं नाही. दुकानाच्या काचेत मी तिच्याशेजारी बरी दिसत होते. कॉफीच्या दुकानात शिरलो, तिने मला कॉफी घेतली आणि स्वतःला नुसतं गरम पाणी. कॉफी तिला लहानपणापासून जीव की प्राण. विचारलं तर म्हणाली, "सध्या नको वाटते." मला सांगायचं होतं बहुतेक काहीतरी. कप घेऊन मागून एक माणूस अगदी खेटून चालला होता, मी कोट सावरून उठले, आपण बाहेर जाऊ म्हटलं. तिचं गरम पाणी तसंच राहिलं.

दुपारी चारला ह्यांचा फोन.

"चारशे सतरावाली बाई आलीय."

मी रस्त्यातच थांबले.

"समोर उभी आहे. वर्षभर बाहेर कामाला होती म्हणे, नंबर बदलला. पावती आहे तिच्याकडे."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, माझ्या बायकोने घातलाय."

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही हा गुण आहे असं मी लग्नात सगळ्यांकडून ऐकलं होतं. "अहो, दुसऱ्या शाखेत आहे म्हणायचं."

"आपल्याला दुसरी शाखा नाही," हे म्हणाले. मग हळू आवाजात, "मंगळवारी सकाळी येते म्हणाली. रागावली नाही. पण तिच्या आईने दिलेला आहे तो. सांभाळ."

बटण विचारत होती, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, चादरींचं.

हे म्हणालेच होते. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं मी. आता तो कोट अंगावर आहे असं वाटत नाही, मीच कोटाच्या ताब्यात आहे. काढून ठेवावा तर दुसरं घालायला काही नाही, उद्या सहा अंश. जाकीट घरी खुंटीला. बॅगेत एवढी हुशारी केली ती ही.

२१ मार्च, शनिवार

झोपायच्या आत लिहिते. आज लिहिलं नाही तर उद्या मी स्वतःशीच वेगळं सांगेन.

हॉटेलात गेलो. दारातच हॉटेलचा एक माणूस कोट घेऊन आत टांगायला पुढे आला. मी दिला नाही. बदलला, पडला, तर? घालूनच बसले. मांडीवर रुमाल, त्यावर आणखी एक रुमाल.

न्यायाधीशबाई आल्या. मी काय काय कल्पना केली होती. बुटकी, गोल बाई, केस विस्कटलेले, राखाडी स्वेटर, कोपराला रफू. रफू चांगला नव्हता. बसल्या बसल्या त्यांनी ब्रेड तोडला, सूप मागवलं, आणि दुसऱ्याच चमच्याला स्वतःच्या छातीवर सांडलं.

"घ्या," त्या हसून म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही आहात. तुमची लेक सांगत असते, माझी आई कुठलाही डाग काढते, तिच्यासारखा हात कुणाचा नाही. आता सांगा, याला काय करू?"

मला ब्रह्मांड आठवलं. सगळ्यांसमोर दुकानाचा विषय काढला. आणि बटण नुसती माझ्याकडे बघून हसतेय, जशी काय मी आता गाणं म्हणणार आहे. मी म्हटलं, "गार पाणी," आणि ताटाकडे बघितलं. त्यांनी रुमाल गार पाण्यात बुडवून डागावर दाबला. मग म्हणाल्या, "तुम्हाला उकडत नाही का कोटात?" मी म्हटलं, नाही. घामाने अस्तर ओलं होईल या भीतीने मी श्वास पण बेताने घेत होते.

सूप घेतलं नाही, गडद होतं. भाज्यांवर लाल रस्सा होता, तो नाही. कोरडा भात खाल्ला, काट्याने, एकेक घास. तो मुलगा दोनदा म्हणाला, "काकू, हे घ्या ना." चांगला आहे मुलगा. मी त्याच्याशी चार वाक्यं बोलले असेन.

जेवण झाल्यावर तो आणि त्याची आई गाडी आणायला पुढे गेले. बटणाने माझा हात धरून मला झाडांखाली नेलं. गार वारा होता. तिचे डोळे आधीच भरलेले.

"आई, मला आज त्यांच्या आधी तुला सांगायचं होतं, कालच सांगणार होते, जमलंच नाही. आई, मला चौथा महिना आहे."

आणि ती रडायला लागली, हसत हसत, आणि दोन्ही हात पसरून माझ्याकडे आली. डोळ्यांतलं काळं गालावर ओघळलेलं, ओठांना रंग. आणि माझे हात पुढे आले. पंजे उघडे, दोन्ही. दुकानात कुणी निथळतं बोचकं धुतलेल्या कपड्यांवर टेकवायला लागलं की येतात तसे. मी म्हटलं, "थांब थांब, तुझं काजळ."

थांबली ती.

हे शब्द माझ्या तोंडून गेले. माझी लेक मला सांगते की तिला मूल होणार आहे, आणि मी तिला काजळाचं सांगते. मेले असते तर बरं झालं असतं.

तिने बोटाने डोळे पुसले, एक डोळा, मग दुसरा. मला म्हणाली, "कुणाचा आहे हा?"

मी काही बोलायच्या आत गाडी आली. गाडीत न्यायाधीशबाईंनी मागे वळून बटणाचा हात दाबला, काही विचारलं नाही. त्यांना काल-परवापासूनच माहीत असणार असं मला वाटलं, पण तेही नव्हतं. बटणाने घरी पोचल्यावर त्यांना फोन करून सांगितलं. खरंच मला आधी सांगितलं होतं तिने. फोनवरून त्या बाईंचं रडणं मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होतं.

२२ मार्च, रविवार

सकाळी बटण दोनदा उलटी करून आली. मी पाठीवर हात फिरवायला गेले तर म्हणाली, "नको, बरी आहे मी." शहाण्यासारखं म्हणाली, रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर सोपं होतं.

कोट मी टिश्यू कागद घालून पिशवीत बांधून दाराला टांगला. आणि तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. चारशे सतरा, मागचा दांडा, ह्यांचा फोन.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "स्टेशनवरच कळलं होतं मला. दुसऱ्याचं अंगात असलं की तू हात अंगापासून लांब ठेवून चालतेस. पदवीच्या दिवशीही अशीच चालत होतीस."

"तुला कळलं होतं?"

"आई, ते जाकीट आठवडाभर माझ्या नाकासमोर दांड्याला होतं. मला कळणार नाही?" मग जरा वेळाने, "मला तो फोटो हवा होता. माझ्याकडे त्या दिवसाचे चाळीस फोटो आहेत आणि एकातही तू नाहीस. विचारणाऱ्यांना वाटतं तू आलीच नव्हतीस."

मी म्हटलं, तुझी मान खाली जाऊ नये म्हणून गं.

"माझी कधी गेली? मला तुझ्या दुकानाची लाज कधी वाटली सांग ना. मी सगळ्यांना सांगत फिरते. लाज तुला वाटते, आई. आणि मला तुझ्या लाजेच्या पलीकडे उभं राहावं लागतं, दर वेळी."

  तीन कपडे एकावर एक घालून मी खाली जाऊन तिच्यासाठी कोरडी बिस्किटं आणली. थंडी काही एवढी नव्हती. तीन थरांत जमतं. चालताना समजलं की कोटाची गरज मुळात नव्हतीच.

दुपारी ती सोफ्यावर झोपली. मी शेजारी बसून होते. किती वेळा वाटलं, उठवावं आणि जवळ घ्यावं. पण मिठी काय पावती दाखवून मागून घ्यायची असते? ज्या वेळची त्या वेळी.

२३ मार्च, सोमवार

परत. सकाळी तिला ऑफिसची घाई, मला गाडीची. दारात तिने बॅग माझ्या हातात दिली, मी कोटाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली, मग माझे दोन्ही हात भरलेले. "पोचलीस की कळव," म्हणाली. स्कर्ट तोच घातला होता, सैल केलेला. बटण लागलं होतं. तिच्या लक्षात आलं की नाही, मी विचारलं नाही.

हे स्टेशनवर आले होते. आजोबा होणार, हे ह्यांना फोनवर कळलंच होतं. नवा शर्ट घालून आले होते. मला म्हणाले, "कशी आहे ती? तुला सांगताना रडली असेल." मी म्हटलं, हो. बाकीचं घरी येऊन सांगितलं. ह्यांनी चहा केला माझ्यासाठी आणि स्वतः दुकान उघडायला गेले.

२४ मार्च, मंगळवार

ती बाई नऊला आली. पस्तिशीची असेल, घाईत, पण नीटस. मी म्हटलं, "मीच घातला होता. विचारल्याशिवाय. माझी चूक झाली."

तिने कोट हँगरवरून काढला, खिडकीशी नेला. कॉलर उलटवून बघितली, बाह्यांच्या कडा बघितल्या, मागचं टोक बघितलं, अस्तर बघितलं. मी काउंटरच्या अलीकडे उभी. इतकी वर्षं इथे उभी राहते, पण निकालाची वाट अशी कधी बघितली नव्हती.

"नवाच वाटतो," ती म्हणाली. "कुणी अंगात घातला होता असं वाटतच नाही."

या धंद्यात यापेक्षा मोठी शाबासकी नाही. लोकांनी दहा-दहा वर्षं हे वाक्य म्हणावं म्हणून मी मान मोडून काम केलंय. आज ते ऐकलं आणि मला रडू आलं, तिच्यासमोर, काउंटरवर. एक डाग नाही. चार दिवस, सहा तासांची गाडी, ते जेवण, ते झाडांखाली, आणि एक ठिपकासुद्धा नाही त्यावर. ती बिचारी घाबरली, मला म्हणाली, अहो मी रागावले नाहीये. हे मागून आले, तिची पावती घेतली, कोट दिला, दारापर्यंत सोडलं.

मग मी बटणाला फोन लावला. ऑफिसात होती, कुजबुजत बोलली, "काय गं, काय झालं?"

"शुक्रवारी येते मी."

"आत्ता तर गेलीस. काय राहिलं का इथे?"

"तुला जवळ घ्यायचं राहिलं."

"त्यासाठी सहा तास येणार?"

"हो. रविवारी परत जाईन. ह्यांना विचारलंय, चादरी हे बघतील."

  मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं, तिने त्याला थांब म्हटलं.

मग म्हणाली, "सकाळच्या गाडीने ये. संध्याकाळी मला फार लवकर झोप येते."